निवेदकाचा आवाज : सिद्धता आणि निगा

(प्राथमिक शिक्षकांसाठी पाठलेख)



पिपरी (मेघे) येथील शिक्षण परिषदेत मागे एका तरुण शिक्षिकेने मला एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या शाळेत रोज परिपाठाच्या वेळी ‘शालेय आकाशवाणी’ चालते. ध्वनिक्षेपकावरून मुले बातम्या, सुविचार व दिनविशेष वाचून दाखवतात. प्रश्न असा होता : “मुलांना निवेदन शिकवावयाचे, तर आवाजाचे काय शिकवावे?” हा प्रश्न विचारताना त्यांचा स्वतःचा आवाज मात्र इतका घोगरा झाला होता, की मागच्या रांगेतील मंडळींना तो पुन्हा उच्चारून सांगावा लागला. त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा पाठ म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

हा विषय आपल्या कामापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम प्रसारित होत असे, हे आपणांस आठवत असेल. ज्या घरी मुलापुरता फोन नव्हता, तेथेही रेडिओचा आवाज पोचू शकत होता. फळा नाही, चित्र नाही, शिक्षकाचा चेहराही नाही. जे काही शिकवावयाचे ते केवळ आवाजाने. शिक्षकाजवळचे सर्वांत जुने साधन कोणते, याची जाणीव त्या काळाने आपणांस करून दिली.

1. आवाज कसा निर्माण होतो?

फुप्फुसांतून बाहेर पडणारा श्वास हे आवाजाचे इंधन होय. श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी स्वरयंत्र असते. पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो, तो त्याचाच भाग. स्वरयंत्रात दोन नाजूक पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. प्रौढ माणसात त्यांची लांबी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर असते, स्त्रियांत त्याहूनही कमी. आपण श्वास घेतो तेव्हा ते दूर होतात. बोलू लागलो की जवळ येतात आणि खालून येणाऱ्या हवेने थरथरू लागतात. या थरथरीतून उत्पन्न झालेला ध्वनी घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत घुमतो. जीभ, टाळू, दात व ओठ त्याला अक्षरांचा आकार देतात.

1854 मध्ये मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. आज वैद्यकात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्वरयंत्र-तपासणीचा पाया एका शिक्षकाच्या जिज्ञासेने घातला गेला, ही आपणांस अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

आता थोडे गणित करू. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 100 ते 130 वेळा आणि स्त्रीचे सुमारे 200 वेळा कंप पावतात. एक तास अखंड स्वर काढला, तर शिक्षिकेचे स्वरतंतू 200 × 3600, म्हणजे 7 लाख 20 हजार वेळा एकमेकांवर आपटतील. बोलताना विराम येतात, काही व्यंजने स्वराविना उच्चारली जातात. म्हणून निम्मी संख्या धरली, तरी ती 3 लाख 60 हजार होते. दिवसाच्या चार-पाच तासिका मोजल्या म्हणजे या इवल्या अवयवावर पडणारा भार ध्यानात येईल. ओरडून बोलल्याने हा आघात अधिक जोराचा होतो. टाळी हळू वाजवली तर हात दुखत नाहीत. जोरजोराने तासभर वाजवली तर तळवे लाल होतात, सुजतात. स्वरतंतूंचे तसेच होते, फक्त ते आपणांस दिसत नाहीत.

अमेरिकेतील आयोवा व युटा या दोन राज्यांत झालेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की पाहणीच्या वेळी आवाजाचा विकार असलेल्यांचे प्रमाण शिक्षकांत 11 टक्के, तर इतर लोकांत 6.2 टक्के होते. आयुष्यात केव्हा ना केव्हा असा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत 57.7 टक्के व इतरांत 28.8 टक्के होते. घसा बसणे ही आपल्या व्यवसायाची साधी कुरकुर नसून व्यवसायजन्य दुखणे आहे, हे यावरून दिसून येईल.

2. ध्वनिक्षेपकाचा स्वभाव

सभेतील वक्ता अनेकांशी एकदम बोलतो. आकाशवाणीचा निवेदक मात्र प्रत्येक वेळी एकाच माणसाशी बोलत असतो. श्रोता घरात, शेताच्या बांधावर किंवा दुकानात एकटा ऐकत असतो. म्हणून निवेदनाचा आवाज समोर बसलेल्या परिचिताशी बोलावे तितकाच असावा. आवाज मोठा करण्याचे काम यंत्राचे. तो स्पष्ट, स्थिर व आपुलकीचा ठेवण्याचे काम माणसाचे.

वर्धेकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. 1936 पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींचा आवाज मुळीच बुलंद नव्हता. 12 नोव्हेंबर 1947 रोजी दिवाळीच्या दिवशी ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी रेडिओवरून बोलले. त्या केंद्रातील त्यांची ती एकमेव भेट. तिच्या स्मरणार्थ हा दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. घरदार गमावलेल्या लोकांपर्यंत पोचण्यास गर्जनेची आवश्यकता नव्हती.

ध्वनिक्षेपकापासून तोंड साधारण एक वीत दूर असावे व किंचित बाजूस वळलेले असावे. याचे कारण आपल्या वर्णमालेत आहे. ख, घ, थ, ध, फ, भ या महाप्राण वर्णांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘पळ’ आणि ‘फळ’ हे शब्द उच्चारावे. ‘फळ’ म्हणताना पट्टी अधिक हलते. हाच झोत सरळ ध्वनिक्षेपकावर आदळला, तर श्रोत्याला फटकाऱ्यासारखा आवाज ऐकू येतो. हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा.

3. निवेदनापूर्वीची सिद्धता : दहा मिनिटांचा क्रम

शेतकरी बैल गोठ्यातून सोडून एकदम भरल्या गाडीस जुंपून पळवीत नाही. गवई मैफिलीपूर्वी खर्जात आवाज लावून घेतो. निवेदकाने व शिक्षकानेही तसेच करावे. पुढील क्रम उभ्याने किंवा ताठ बसून करावा. कोठेही जोर लावू नये, दुखल्यास थांबावे.

(अ) शरीर सैल करणे (1 मिनिट). खांदे कानांपर्यंत उचलून सोडावेत. मान हळूहळू उजवीकडे व डावीकडे वळवावी. जबडा सैल सोडून तोंडाने चघळण्याची क्रिया करावी. ताठलेल्या मानेतून मोकळा आवाज येत नाही.

(आ) श्वास (2 मिनिटे). एक हात पोटावर ठेवावा. नाकाने श्वास घेताना पोट पुढे आले पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. म्हणजे श्वासपटल खाली जाऊन फुप्फुसांना जागा मिळते. तीन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि ‘स्…’ असा बारीक, सारखा ध्वनी काढीत दहा अंकांपर्यंत सोडावा. सवयीने पंधरा-वीस अंकांपर्यंत जाता येते.

(इ) गुंजन (2 मिनिटे). ओठ मिटलेले, आतून दात सुटे ठेवून सहज उंचीवर ‘म्…’ असा स्वर काढावा. ओठांवर व नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्यासारखे वाटले म्हणजे आवाज योग्य जागी घुमतो आहे असे समजावे. भ्रामरी प्राणायाम ज्यांना येतो, त्यांना हे निराळे शिकवावयास नको.

(ई) ओठांचे थरथरणे (1 मिनिट). लहान मूल मोटार चालवताना ‘ब्र्र्र’ असा आवाज काढते, तसा काढावा आणि त्यावरच आवाज खालून वर व वरून खाली न्यावा. वर्गात मुले हसतील, हसू द्यावे.

(उ) नळी व पाणी (2 मिनिटे). अर्धा पेला पाणी घेऊन शरबत पिण्याच्या नळीचे टोक दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात बुडवावे व नळीतून ‘ऊ’ असा स्वर काढीत सारखे बुडबुडे उठवावेत. नळीमुळे तोंडाशी हवेचा थोडा दाब उत्पन्न होतो. तो उलट स्वरतंतूंपर्यंत पोचून त्यांचा आघात सौम्य करतो. स्वरोपचार करणारे तज्ज्ञ ही युक्ती मुद्दाम शिकवतात.

(ऊ) वर्णोच्चार (2 मिनिटे). आपल्या वर्णमालेची रचनाच एक व्यायाम आहे. क-वर्ग कंठाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्ध्याशी, त-वर्ग दातांशी, प-वर्ग ओठांशी. या क्रमाने म्हटल्यास जीभ आतून बाहेरपर्यंत सर्व ठिकाणी फिरून येते. त्यानंतर ‘चार’ व ‘चारा’ यांतील दोन निरनिराळे ‘च’, ‘मन’ व ‘मण’ यांतील न-ण, आणि ळकाराची वाक्ये म्हणावीत. जसे, ‘मळ्यातल्या तळ्याकाठी पिवळ्या केळीखाली काळी शेळी’.

येथे एक सूचना आहे. आपल्याकडील मुले घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात. काहींची मातृभाषा गोंडी किंवा हिंदी असते. ‘ळ’ किंवा ‘ण’ साधला नाही म्हणून मुलास सर्वांदेखत चुकीचे ठरवू नये. घरची बोली हा दोष नव्हे. निवेदनाची भाषा ही तिच्या जोडीला मिळवलेली दुसरी भाषा आहे, असे सांगावे.

4. संहितेचे वाचन

आपल्याकडील प्राचीन शिक्षाग्रंथांत वाईट वाचकांचे सहा प्रकार सांगितले आहेत : गाण्यासारखे हेल काढणारा, घाईने वाचणारा, मान हलवणारा, लिहिलेले तसेच घोकणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि दुबळ्या आवाजाचा. आजच्या निवेदकालाही ही यादी भिंतीवर लावून ठेवता येईल.

यास्तव वाचनापूर्वी संहिता एकदा मनात व एकदा मोठ्याने वाचावी. जेथे थांबावयाचे तेथे उभी रेघ, जेथे भर द्यावयाचा त्या शब्दाखाली आडवी रेघ मारावी. लांब वाक्याच्या आधी श्वास घेण्याची जागा ठरवावी. परकी नावे व मोठ्या संख्या अक्षरांत लिहून घ्याव्यात. पाने टाचून ठेवू नयेत. सुटी ठेवावीत व अलगद बाजूस सरकवावीत, नाहीतर कागदाची सळसळ प्रथम ऐकू जाते.

निवेदन संपल्यावर दोन मिनिटे वरून खाली उतरणारे गुंजन करावे व थोडा वेळ गप्प राहावे.

5. दैनंदिन निगा

पाणी : गिळलेले पाणी अन्ननलिकेत जाते, ते स्वरतंतूंना थेट लागत नाही. शरीरात मुरून मगच त्यांना ओलावा देते. म्हणून ध्वनिक्षेपकासमोर बसल्यावर घोट घेणे पुरेसे नाही. सकाळपासून थोडे थोडे पीत राहावे. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा तर हे विसरूच नये. वाफ मात्र श्वासाबरोबर स्वरतंतूंपर्यंत जाते. साध्या पाण्याची वाफ घेणे हितावह असते.

धूळ : फळा कोरड्या कापडाने न पुसता ओलसर कापडाने पुसावा. पुसताना बोलू नये.

खाकरणे : घसा साफ करण्यासाठी जोराने खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा. खडीसाखर चघळल्याने लाळ सुटते व बरे वाटते. ज्येष्ठमधाचाही उपयोग लोक करतात. परंतु रक्तदाब असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय नित्य घेऊ नये.

कुजबुज : घसा बसला असता कुजबुजून बोलणे म्हणजे विश्रांती नव्हे. जोराने कुजबुजल्यास घशाला उलट अधिक ताण पडू शकतो. हळू पण नेहमीच्या आवाजात थोडे बोलावे, अथवा मौन पाळावे. गांधीजी सोमवारी मौन पाळीत व आवश्यक ते लिहून कळवीत. त्यांचा हेतू केवळ घशाच्या विश्रांतीचा नव्हता. तथापि रविवारी दोन तासांचे मौन आपणही पाळून पाहण्यासारखे आहे.

व्यसने व आहार : विडी-सिगारेटचा धूर स्वरतंतूंवरूनच जातो. आपल्या भागातील खर्रा तर तोंड व घसा या दोहोंचा शत्रू आहे; त्याने कर्करोगाला निमंत्रण मिळते. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर येते व स्वरयंत्राला दाह होतो. सकाळी आवाज जड व घसा आंबट असल्यास हे कारण तपासावे.

6. एक कबुली

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो.

परिषदेतील त्या शिक्षिकेच्या वर्गास मी आदल्या वर्षी भेट दिली होती. पहिली व दुसरीची मिळून चाळिसावर मुले आणि खिडकीबाहेर वाहता रस्ता. मी शेरेवहीत लिहिले होते : ‘अध्यापन चांगले. आवाज मागील बाकापर्यंत पोचत नाही, तो अधिक मोठा असावा.’ शेरा खोटा नव्हता. परंतु मी खिडकी लावून पाहिली नाही, बाकांची रचना पाहिली नाही. त्यांनी माझा शेरा मनावर घेतला व तेव्हापासून त्या ओरडून शिकवू लागल्या. परिषदेच्या वेळी तीन महिने आवाज बसलेला होता. “उतरेल हळूहळू,” असे त्या म्हणत होत्या.

पुढे मी पुन्हा वर्गात गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट पाहिली. मुलेही ओरडून, घसा ताणून उत्तरे देत होती. बाई जशा बोलतात तसे बोलणे म्हणजे शिकणे, असे त्यांनी धरले होते. आणि शाळेचा ध्वनिक्षेपक मात्र परिपाठाची दहा मिनिटे संपताच कपाटात कुलूपबंद होत होता.

तपासणीत स्वरतंतूंवर लहान गाठी आढळल्या. त्या ताणामुळे येणाऱ्या, साध्या गाठी होत्या. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली नाही. काही दिवस मौन, त्यानंतर स्वरोपचार व वर सांगितलेले व्यायाम, एवढ्याने तीन-चार महिन्यांत आवाज पुष्कळ सुधारला. मधल्या काळात मुख्याध्यापकांनी बाकांची अर्धवर्तुळाकार मांडणी केली, रस्त्याकडील खिडकी पाठाच्या वेळी लावून घेतली, लहानसा ध्वनिक्षेपक वर्गासाठी दिला. शांततेसाठी ओरडण्याऐवजी टाळीचा ठेका ठरला. बाई दोन टाळ्या वाजवीत. मुले दोन वाजवून गप्प होत. आठवडाभरात मुलांचे ओरडणेही कमी झाले.

मी स्वतः तरुणपणी साठ मुलांच्या वर्गावर असाच ओरडलो आहे. दुखणे अंगावर काढले, कोणास दाखवले नाही. आज मुलांच्या उंच पट्टीत मला प्रार्थना म्हणता येत नाही. मी ओठ हलवतो. बाईंचे तसे झाले असते, तर त्यात माझ्या एका ओळीचा वाटा असता. तो शेरा मी नंतर खोडला नाही. त्याखाली नवा लिहिला : ‘आवाज पोचत नसेल तर प्रथम खोली तपासावी, मग शिक्षक.’

7. धोक्याची चिन्हे

सर्दीपडशाने बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञास अवश्य दाखवावे. बोलताना वेदना, गिळण्यास अडचण, थुंकीत रक्त, गळ्यावर गाठ किंवा श्वास घेण्यास त्रास यांपैकी काही असल्यास एक दिवसही थांबू नये. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत; आपल्या तालुक्यातील शिक्षकांना दूर जावे लागत नाही.

8. शाळेत करावयाच्या गोष्टी

1937 मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने कृतीतून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. आवाजाचा पाठही नुसता वाचून भागणार नाही. म्हणून :

(1) परिपाठापूर्वी पाच मिनिटे सर्व शिक्षक व निवेदक मुले यांनी श्वास, गुंजन व वर्णोच्चार एकत्र करावेत.
(2) निवेदनाची पाळी प्रत्येक मुलास मिळावी. हळू बोलणाऱ्या मुलास ‘मोठ्याने’ असे न सांगता ध्वनिक्षेपक त्याच्या जवळ न्यावा.
(3) ‘पळ-फळ’ पट्टीचा प्रयोग विज्ञानाच्या तासाला घ्यावा.
(4) 16 एप्रिल हा जागतिक आवाज दिन व 13 फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन असतो. त्या दिवशी मुलांकडून गावाच्या बातम्यांचे दहा मिनिटांचे निवेदन बसवून घ्यावे.
(5) प्रत्येक शिक्षकाने एक आठवडा पुढील नोंद ठेवावी : आज किती वेळा ओरडलो? कशासाठी? त्याऐवजी काय करता आले असते?

स्वाध्याय

1. गिळलेले पाणी स्वरतंतूंना थेट का लागत नाही? मग ते का प्यावे?
2. आपल्या वर्गात मागील बाकावर स्वतः बसून सहकाऱ्याचे वाचन ऐका. आवाज अडवणाऱ्या तीन गोष्टी लिहा.
3. एका बातमीची संहिता घेऊन तीत विराम व भर यांच्या खुणा करा.

शेवटच्या बाकावरील मुलाला आपले बोलणे ऐकू येण्याचा हक्क आहे, आणि निवृत्तीच्या दिवशी शिक्षकाजवळ त्याचा आवाज शिल्लक असण्याचाही. हे दोन्ही हक्क सांभाळावेत, एवढेच सुचवून हा पाठ पुरा करतो.